मशीन नवं घ्यायचं की जुनंच खोलायचं?

२०२४ चा मे महिना संपत आला होता. संध्याकाळचे साडेसहा वाजून गेले तरी आमची होडी परत आली नव्हती. आमचं घर मालवणजवळ देवबागला. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. नदी समुद्राला मिळते तिथे वाळू साचते, आणि पावसाळा जवळ आला की त्या वाळूवर लाटा फुटायला लागतात. तिथून होडी आत आणायची तर मशीन चोख चालायला हवं. मधेच बंद पडून चालत नाही.

सात वाजता फोन आला. ह्यांनी दोनच वाक्यं सांगितली. "मशीन बंद पडलंय. नांगर टाकलाय."

ओहोटी लागलेली. नांगर सुटला असता तर होडी बाहेर समुद्रात खेचली गेली असती. होडीत हे आणि भावोजी, दोघेच. शेजारच्या घरातली दोन मुलं आपली होडी घेऊन गेली, दोर लावून ओढून आणलं. नऊ वाजता दोघं अंगणात आले तेव्हा सासूबाईंनी आधी मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली आणि मग दोघांना यथेच्छ शिव्या घातल्या.

रात्री जेवताना कुणी बोलेना. शेवटी हेच म्हणाले, "हे मशीन आता नको. नवं घेऊ. घ्यायचंच तर मोठं घेऊ, पंचवीसचं." आणि त्यांची नजर माझ्या हातातल्या पाटल्यांवर गेली. बोलले काहीच नाहीत, पण मला कळलं.

सासूबाईंनी तेवढ्यात ताटावरूनच ऐकवलं, "जुनां झालां म्हणान टाकूचां? मगे माका पण टाका!"

हसलो सगळे. पण प्रश्न तिथेच राहिला. नवं घ्यायचं की आहे त्याचंच काम काढायचं?

इंजिन आणि बाईमाणूस

मैत्रिणींनो, माझं माहेर कोल्हापूरकडचं. आमच्याकडे इंजिन म्हणजे विहिरीवरचं. लग्न होऊन समुद्रावर आले तेव्हा मला होडीची नाळ कुठली आणि पाठ कुठली तेही ठाऊक नव्हतं. घरात पद्धत अशी की मासळी किनाऱ्याला लागली की बायकांची. विकायची, पैसे मोजायचे, ठेवायचे आम्ही. पण होडी, जाळी आणि मशीन हा पुरुषांचा कारभार. पैसे आमच्या हातातून जायचे, ते कशावर जायचे हे मात्र विचारायचं नाही.

२०१९ पासून मी एक वही ठेवायला लागले. कारण साधं होतं. महिन्याच्या शेवटी पैसे कुठे गेले यावरून भांडणं व्हायची. म्हणून रोज लिहायचं. किती पेट्रोल घातलं, किती ऑईल, बर्फ किती, मासळी किती आली, काय भाव मिळाला. ही वही एक दिवस मशीनचा निकाल लावायला उपयोगी पडेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

पुढे मुलाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी वाचताना एक मजेदार गोष्ट कळली. होडीच्या पाठीला बाहेरून अडकवायचं हे जे आऊटबोर्ड मशीन, ते धंद्यात चालवून दाखवलं ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन माणसाने, १९०९ च्या सुमारास. गोष्ट अशी सांगतात, की सहलीला गेले असताना मैत्रिणीसाठी आइस्क्रीम आणायला तो तळ्यातून वल्ही मारत गेला आणि परत येईपर्यंत आइस्क्रीमचं पाणी झालं! खरं-खोटं देव जाणे. पण ती मैत्रीण, म्हणजे पुढे त्याची बायको झालेली बेस, हिने त्या धंद्याचा पत्रव्यवहार, हिशेब आणि जाहिरात सांभाळली हे खरं आहे. ओले यंत्र बघायचा, बेस वही बघायची. हे वाचलं तेव्हा मला जरा बळच आलं. म्हटलं, पहिल्यापासून या मशीनचा हिशेब बाईच्याच हातात होता की!

आधी खोला, मग बोला

जून-जुलै मासेमारी बंद. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या. आऊटबोर्डची एक सोय अशी, की होडीवरून काढून घरी आणता येतं. आमचं मशीन पडवीत लाकडी घोड्यावर टांगलं आणि मालवणच्या मिस्त्रीकाकांना बोलावलं.

हे त्यांना म्हणाले, "काका, याचं आता काही उरलं नाही. नवं कुठलं घेऊ ते सांगा."

काका म्हणाले, "आधी खोलून बगया, मगे बोलया."

मला वाटतं, सगळ्या गोष्टीत शहाणपणाचं वाक्य हेच होतं. आपण काय करतो, वस्तूने एकदा दगा दिला की रागाच्या भरात निर्णय घेऊन टाकतो. एक तर "फेकून द्या" नाहीतर "चालतंय तोवर चालू दे". मधलं काम, म्हणजे नेमकं काय बिघडलंय ते बघणं, राहूनच जातं.

मी चहाचा ट्रे घेऊन आले आणि तिथेच बसले. ह्यांनी जरा बघितलं माझ्याकडे. मी वही मांडीवर घेतली.

काकांनी आधी कॉम्प्रेशन मोजलं. प्लग काढून त्या भोकात एक मीटर लावतात, दोरी ओढतात, आणि सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते बघतात. आमचं मशीन दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, साडेनऊ-दहा अश्वशक्तीचं. एका सिलिंडरचा दाब आला ११०, दुसऱ्याचा ७५. काका म्हणाले, दोन्हीत दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत फरक असला तर समजू शकतो, हा फार झाला. म्हणजे एक सिलिंडर जवळजवळ फुकट पेट्रोल खात होतं.

मग खालच्या गिअरच्या डब्याचं ऑईल काढलं. ते चहासारखं दुधाळ निघालं. स्वच्छ ऑईल असं कधी दिसत नाही. दुधाळ दिसलं की समजायचं, सील गेलंय आणि आत पाणी शिरतंय. मग पाण्याचा पंप उघडला. आत रबराचा लहानसा पंखा असतो, त्याला इम्पेलर म्हणतात. तो समुद्राचं पाणी खेचून इंजिनात फिरवतो आणि इंजिन थंड ठेवतो. आमच्या पंख्याच्या पाकळ्या झिजून वाकलेल्या. वरचं हेड काढलं तर पाण्याच्या वाटा मिठाने आणि वाळूने अर्ध्या बुजलेल्या.

"मशीन चालू असताना मागून पाण्याची बारीक धार पडायची ना, ती कधीपासून कमी झाली?" काकांनी विचारलं.

हे आणि भावोजी एकमेकांकडे बघायला लागले. कुणी बघितलीच नव्हती. ती धार म्हणजे इंजिन थंड होतंय याची खूण. ती बारीक झाली की मशीन तापतं, तापलं की गॅस्केट जळतं, पिस्टनच्या रिंगा काजळीने चिकटतात आणि सिलिंडरवर ओरखडे पडतात. आमच्याकडे हे सगळंच झालं होतं.

पण शेवटी काकांनी क्रँकशाफ्ट हाताने हलवून, फिरवून बघितला. खुळखुळ नाही, आवाज नाही. बाहेरचा अॅल्युमिनियमचा ब्लॉकही तपासला. खाऱ्या पाण्याने कुठे खाल्लेला नाही, तडा नाही. तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, "वैनी, हाडां चांगली असत. मांस गेलाहा."

म्हणजे काय ते त्यांनी नीट समजावलं. रिंगा, पिस्टन, गॅस्केट, सील, इम्पेलर या झिजायच्याच वस्तू. त्या बदलता येतात. सिलिंडर लेथवर अर्धा मिलिमीटर मोठं करून त्या मापाचे पिस्टन बसवता येतात. पण क्रँकशाफ्ट गेला असता, ब्लॉकला मिठाने भोकं पाडली असती किंवा त्या मॉडेलचे भाग मिळेनासे झाले असते, तर त्यांनी स्वतःच सांगितलं असतं की यात पैसे घालू नका. त्यांचा एक ठोकताळाही आहे. दुरुस्तीचा खर्च नव्या मशीनच्या निम्म्याच्या वर जायला लागला, की दुरुस्तीचा नाद सोडायचा.

मोठ्या मशीनचा मोह

आता ह्यांचं पंचवीसचं स्वप्न. त्याची टिंगल मी करणार नाही. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या होड्या भरधाव जातात, त्या बघून कुणालाही वाटेल. शिवाय त्या संध्याकाळची भीती मनात होतीच. मोठं मशीन असतं तर अडकलो नसतो, असं त्यांना वाटत होतं.

मी काकांना सरळ विचारलं, "पंचवीसचं लावलं तर आमची होडी अडीचपट पळेल का?"

काका हसले. आमची होडी बावीस फुटी, पोटात खोल, जाळी आणि मासळीचं ओझं वाहणारी. अशी होडी पाणी कापत, पाण्यात बसून चालते. चालताना ती स्वतःच एक लाट तयार करते आणि त्या लाटेच्या खळग्यात अडकते. होडी पाण्याला जितकी लांब टेकते, तितका तिचा वेग ठरतो. वीस फूट टेकणाऱ्या होडीचा साधारण सहा नॉट, म्हणजे तासाला अकरा किलोमीटर. त्यापुढे कितीही जोर लावा, नाळ वर उचलते, मागे लाट मोठी होते, वेग मात्र जेमतेम वाढतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर भात शिजवण्यासारखं आहे. पाण्याला उकळी फुटली की मग आच मोठी केली म्हणून भात निम्म्या वेळात होत नाही. गॅस मात्र दुप्पट जळतो. पर्यटकांच्या हलक्या, सपाट बुडाच्या होड्यांची गोष्ट वेगळी. त्या जोर मिळाला की पाण्यावर उचलल्या जातात आणि घसरत पळतात. म्हणून तिथे मोठं मशीन शोभतं. आमच्या होडीला ते म्हणजे बैलगाडीला मोटारीचं इंजिन.

वजनाचाही प्रश्न होता. मशीन होडीच्या ज्या मागच्या फळीवर बसतं ती फळी मूळच्या मशीनच्या वजनाला आणि जोराला धरून केलेली असते. मोठं किंवा फोर-स्ट्रोक मशीन जड असतं. फळी हलते, सांधे सुटतात, होडीची पाठ खाली बसते. आणि दांड्याची लांबीही बघावी लागते. आऊटबोर्ड आखूड दांड्याचं येतं आणि लांब दांड्याचं येतं. चुकीचं आणलं तर पंखा एक तर वर राहून हवा ओढतो, नाहीतर खोल जाऊन वाळूला घासतो. दुकानदार अश्वशक्ती विचारतो, फळीची उंची आपणच मोजून न्यायची.

वही काय म्हणाली

रात्री आम्ही तिघं, म्हणजे सासूबाई, हे आणि मी, वही घेऊन बसलो. भावोजी दारात उभे.

२०१९ मध्ये आमच्या नेहमीच्या फेरीला पाच लिटर पेट्रोल लागायचं. २०२४ मध्ये तीच फेरी, तीच जागा, तर सात लिटर. दर वर्षी थोडं थोडं वाढत गेलेलं, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आमच्या हंगामात साधारण दीडशे फेऱ्या होतात. म्हणजे वर्षाला ३०० लिटर पेट्रोल नुसतं बिघाडावर जात होतं. लिटर शंभरावर गेलेलं. तीस हजार रुपये! हे ऐकून सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

मग तीन आकडे शेजारी शेजारी लिहिले. जुन्या मशीनचं पूर्ण काम, लेथचा खर्च आणि मजुरीसकट, काकांनी सांगितलं ३८ हजार. तेवढ्याच शक्तीचं नवं फोर-स्ट्रोक आम्हाला सांगितलं गेलं १ लाख ८५ हजारांना. आणि पंचवीसचं तीन लाखांच्या वर.

फोर-स्ट्रोकचा फायदा खराच आहे, तो नाकारायचा नाही. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचा काही भाग न जळताच धुराबरोबर बाहेर जातो, शिवाय पेट्रोलमध्ये ऑईल मिसळावं लागतं. फोर-स्ट्रोक पेट्रोल कमी पितं, धूर कमी, आवाज कमी, पाण्यावर तेलाचा तवंगही कमी. आम्ही हिशेब केला तो असा. दुरुस्त मशीन पाच लिटरवर आलं आणि नवं चार लिटरवर चाललं, तर ऑईल धरून वर्षाला वीसेक हजार वाचतील. पण त्यासाठी दुरुस्तीपेक्षा १ लाख ४७ हजार जास्त घालायचे. ते भरून यायला सात वर्षांच्या वर लागतील. ज्यांची होडी रोज आठ-दहा तास चालते त्यांना हाच हिशेब उलटा लागेल, आणि त्यांनी नवंच घ्यावं. आमची होडी फेरीला दोन-अडीच तास चालते.

पंचवीसच्या मशीनसाठी तीन लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी काढलं, व्याज बारा टक्के धरलं, तर महिन्याला साडेसहा हजारांच्या वर हप्ता. मी ह्यांना एवढंच विचारलं, "जून-जुलैत होडी वर असते. हप्ता पण वर ठेवतात का?"

ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "पाटल्या राहू देत."

सरकारी योजनेचंही बघितलं. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत वैयक्तिक लाभार्थ्याला सर्वसाधारण गटात ४० टक्क्यांपर्यंत आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्क्यांपर्यंत मदतीचं प्रमाण ठेवलं होतं. कुठल्या कामाला आणि त्या वर्षी निधी आहे का, हे मत्स्य खात्याच्या कार्यालयात जाऊनच विचारावं लागतं. किसान क्रेडिट कार्डही २०१८-१९ च्या अर्थसंकल्पापासून मच्छीमारांना खुलं झालं, पण ते इंधन, बर्फ, मजुरी अशा चालू खर्चासाठी. ते काढून कुणी मशीन घेऊ नये.

पण चौकशी करताना भलतंच निघालं. होडीची नोंदणी अजून सासऱ्यांच्या नावावर! त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. उद्या होडीला काही झालं असतं, किंवा कुठल्याही योजनेत अर्ज करायचा असता, तर आमच्या हातात कागदच नव्हता. मशीनच्या निमित्ताने ते काम आधी हाती घेतलं आणि होडी सासूबाईंच्या नावावर केली. सही करून आल्या त्या दिवशी त्यांनी सगळ्या आळीला सांगितलं, "आता नाखवा मी!" मैत्रिणींनो, तुमच्या घरची होडी, रिक्षा, पंप कुणाच्या नावावर आहे ते आजच बघा. आणि मशीन बदललंत तर नोंदणीतला मशीनचा क्रमांक आणि अश्वशक्तीही बदलून घ्या.

काम झालं, पण...

शेवटी आम्ही काम काढायचं ठरवलं. लेथवरून सिलिंडर करून आणले. पिस्टन, रिंगा, गॅस्केट, सगळी सीलं, इम्पेलर, सगळं नवं. काकांनी बजावलं होतं, की रिंगा आणि गॅस्केट डुप्लिकेट घेऊ नका, तिथे वाचवलेले हजार रुपये पुढच्या वर्षी दहा हजार मागतात. प्रत्येक वस्तूचं बिल मी वहीला टाचलं. काढलेले जुने भागही मागून घेतले. अविश्वास म्हणून नाही, पण काय बदललं ते डोळ्यांनी दिसावं म्हणून.

नव्याने बांधलेलं मशीनही नव्या सुनेसारखं हळूहळू रुळवावं लागतं. पहिले दहा तास पूर्ण वेगाने पळवायचं नाही, सुरुवातीला ऑईल थोडं जास्त घालायचं. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला, होडी पाण्यात गेली, आणि पंधराव्या दिवशी मशीन पुन्हा आचके द्यायला लागलं.

त्या दिवशी घरात काय झालं ते विचारू नका. "मी सांगत होतो," असं हे म्हणाले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मलाच रडू आलं. अडतीस हजार पाण्यात घातले की काय! काकांनी येऊन पेट्रोलची टाकी रिकामी केली तर तळाला पाणी आणि गाळ. जुनी टाकी तशीच जोडली होती. टाकी धुतली, नळी आणि फिल्टर बदलला, मशीन ठीक. म्हणजे चूक आमचीच. इंजिन नवं करताना टाकी, नळी, फिल्टरही त्याच यादीत धरायचे, हे त्या दिवशी शिकलो.

आता मशीनच्या काही गोष्टी माझ्याकडे आहेत. आमच्या मशीनला ५० लिटर पेट्रोलला १ लिटर ऑईल, म्हणजे पाच लिटरला १०० मिली. पूर्वी भावोजी अंदाजाने ओतायचे. जास्त झालं की काजळी, कमी झालं की घासणी. आता मुलाची जुनी दुधाची बाटली मापाला ठेवली आहे, तिच्यावर आकडे असतात. ती शाळेत गेली... म्हणजे मुलगा शाळेत गेला, बाटली नोकरीला लागली!

दुसरी गोष्ट गोड्या पाण्याची. समुद्रातून आलं की मशीन पिंपात बुडवून दहा मिनिटं गोड्या पाण्यावर चालवायचं, म्हणजे आतलं मीठ धुऊन निघतं. यावरून सासूबाईंचं आणि माझं चांगलंच वाजलं. एप्रिल-मेमध्ये आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, प्यायचं पाणी जपून वापरावं लागतं. "माणसांक पानी नाय आणि मशिनाक आंघोळ?" त्यांचंही चूक नव्हतं. मग तोड काढली. पिंपाला झाकण केलं, तेच पाणी चार-पाच दिवस वापरतो, चव खारट लागायला लागली की बदलतो. आधी वाटलं ते पाणी माडाला घालू, पण त्यावर ऑईलचा तवंग येतो, म्हणून तेही नाही. आणि मागची ती पाण्याची धार? आता होडी सुटताना किनाऱ्यावरून मीच ओरडते, "धार बघितलीत का?"

इंजिनाचा डबा

दुरुस्त केलेलं मशीन कायमचं नाही, हे आम्हाला माहीत आहे. काका म्हणतात, सांभाळलंत तर चार-पाच हंगाम काढेल. म्हणून नव्या मशीनसाठी आत्तापासून बाजूला टाकतो. १ लाख ८५ हजार भागिले पाच, म्हणजे हंगामाला ३७ हजार. पेट्रोलचे वाचलेले तीस हजार त्यातच जातात, वरचे सात हजार मासळीतून. पतसंस्थेत वेगळं खातं काढलंय. त्याला घरात "इंजिनाचा डबा" म्हणतात. पुढचं मशीन नवं, फोर-स्ट्रोक, पण तेवढ्याच शक्तीचं. ते घेताना कुणाच्या हातातलं काही उतरणार नाही.

२०२५ मध्ये पाऊस कसा आला ते आठवतंय ना? एरवी जूनमध्ये येणारा मोसमी पाऊस २५ मे रोजीच आमच्या सिंधुदुर्गात येऊन थडकला. त्याच्या आधीपासूनच समुद्र खवळलेला. हंगामाचे शेवटचे दिवस, ज्यांच्यावर आमची पावसाळ्याची बेगमी असते, तेच गेले. होड्या वेळेआधी वर आल्या. त्या रात्री पावसाचा आवाज ऐकत पडलो होतो. हे अंधारात म्हणाले, "हप्ता असता तर आज झोप लागली नसती."

मी काही बोलले नाही. वही उशाशीच होती.

तुमच्याकडे होडी नसेल. पण विहिरीवरचा पंप असेल, पिठाची गिरणी असेल, सोळा वर्षांची स्कूटर असेल, आणि घरात कुणीतरी म्हणत असेल, "टाकून नवीन घेऊ" किंवा "चालतंय तोवर चालू दे". दोघांनाही हो म्हणू नका. आधी खोलून बघा म्हणावं. झिजलंय ते बदलण्यासारखं आहे का, हाडं शाबूत आहेत का, आणि आपल्याला खरंच मोठं हवंय की नुसतं वाटतंय? मिस्त्री येईल तेव्हा चहा देऊन आत जाऊ नका. तिथेच बसा, विचारा, लिहून ठेवा. कारण त्या मशीनवर जे माणूस जातं ते आपलं असतं, आणि ते वेळेवर परत यावं म्हणून दाराशी उभ्या राहणाऱ्या आपणच असतो.